विश्लेषण : वर्धेकाठच्या मोवाडची गोष्ट ३० जुलै १९९१ ला संपत का नाही?

नरखेड तालुक्यातल्या मोवाडला १८६७ पासून नगरपालिका आहे. याच गावात १९९१ च्या महापुराने २०४ बळी घेतले. नदी, सीमा आणि लोकसंख्येचे निकष यांच्यात सापडलेल्या या छोट्या शहराचा इतिहास-भूगोल आजही का महत्त्वाचा आहे?

दरवर्षी ३० जुलै जवळ आला की नरखेड तालुक्यात मोवाडच्या महापुराचा विषय निघतो. त्या दिवशी गावात श्रद्धांजली वाहिली जाते, जुन्या आठवणी निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा संत्रा-कपाशीची चिंता सुरू होते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर राज्यभर ठाऊक आहे. मोवाडचा पूर मात्र विदर्भाबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. पण नदीकाठच्या छोट्या शहरांचे काय होते आणि काय होऊ शकते, हे समजून घ्यायचे असेल तर मोवाडसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

मोवाड नेमके कुठे आहे?

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदीच्या पूर्व काठावर. नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका लागतो. उत्तरेला थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशची हद्द सुरू होते. म्हणजे एका छोट्या शहराभोवती दोन राज्ये आणि महाराष्ट्राचे नागपूर व अमरावती हे दोन महसूल विभाग येऊन भेटतात.

वर्धा उगम पावते मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या पठारावर. मुलताईची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर आहे. तापीचा उगमही मुलताईचाच. तापी पश्चिमेला वळून अरबी समुद्राला मिळते, तर वर्धेचे पाणी वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागरात जाते. वर्धेची एकूण लांबी सुमारे ५२८ किलोमीटर. त्यापैकी मध्य प्रदेशातला प्रवास जेमतेम ३२ किलोमीटरचा. त्यानंतर ती महाराष्ट्रात येते आणि सुरुवातीलाच तिच्या वाटेवर मोवाड लागते. या गावाच्या इतिहासातली बरीच उत्तरे या ३२ किलोमीटरमध्ये दडलेली आहेत.

गाव लहान, मग नगरपालिका इतकी जुनी कशी?

त्यासाठी सीमेचा इतिहास पाहावा लागतो. १८०३ च्या डिसेंबरमध्ये देवगावच्या तहानुसार नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेव्हापासून वर्धा ही केवळ नदी राहिली नाही, ती दोन राज्यांमधली सीमा झाली. पूर्वेला नागपूर, पश्चिमेला वऱ्हाड.

पुढचे टप्पे थोडक्यात असे :

- १८५३ : वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे. त्याच वर्षी तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे निधन आणि त्यानंतर नागपूरचे राज्य खालसा.
- १८६१ : नागपूरसह मध्य प्रांताची स्थापना.
- १८६७ : मोवाडला नगरपालिका.
- १९०३ : वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला.
- १९५६ : नागपूर आणि वऱ्हाडचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, बैतूल आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिले.
- १९६० : महाराष्ट्राची स्थापना.

म्हणजे १९०३ पर्यंत मोवाडचा माणूस नदी ओलांडून वरूडकडे गेला की त्याचा प्रांत बदलायचा. १९५६ नंतर आणखी एक गोष्ट झाली. नदीचा उगम एका राज्यात आणि काठावरचे गाव दुसऱ्या राज्यात अशी विभागणी झाली. कागदावर ही प्रशासकीय बाब वाटते. पुराच्या रात्री मात्र प्रश्न पडतो, की वर पडलेल्या पावसाची खबर खाली कोणी द्यायची?

१९९१ मध्ये काय घडले?

३० जुलै १९९१ रोजी वर्धेला आलेल्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले. २०४ जणांचा जीव गेला. घरे, जनावरे, दुकाने, साठवलेले धान्य वाहून गेले. लहान गावात २०४ मृत्यू म्हणजे ज्याच्या घरचे किंवा नात्यातले कुणी गेले नाही असा माणूस सापडणे कठीण. त्यानंतर गावाचे पुनर्वसन झाले आणि मोवाड नव्या जागी उभे राहिले.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. देशात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला. किल्लारीचा भूकंपही मोवाडनंतर दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला आणि राज्यातली आपत्ती यंत्रणा खऱ्या अर्थाने त्यानंतर आकाराला येऊ लागली. मोवाड त्या सगळ्याच्या आधी बुडाले.

या भागात पूर इतक्या वेगाने का येतो?

साधे गणित करून पाहू. १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ कोटी घनमीटर पाणी होते. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातले बरेचसे पाणी मुरत नाही, थेट नदीकडे धावते. इथे खाली काळा पाषाण आणि वर बऱ्याच ठिकाणी काळी माती. भर पावसाळ्यात ती पाणी शोषण्याच्या स्थितीत नसते. हे सगळे पाणी सहा तासांत नदीत उतरले, तर सेकंदाला साधारण ४६० घनमीटर इतका प्रवाह एवढ्या छोट्या क्षेत्रातून तयार होतो.

आता वेळेचा हिशेब. पुराचे पाणी सेकंदाला २ ते ३ मीटर वेगाने वाहते असे धरले, तर तासाला ७ ते ११ किलोमीटर. वरचे ३२ किलोमीटर पार करायला तीन ते साडेचार तास पुरतात. हा ढोबळ अंदाज आहे. उतार, पात्राची रुंदी आणि पाऊस कुठे पडला यावर वेळ बदलते. पण मुद्दा स्पष्ट होतो. वर मध्यरात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर खालच्या गावाकडे उजाडेपर्यंतचाही वेळ नसतो.

खाली मोठे धरण आहे, त्याचा उपयोग नाही का?

मोर्शीजवळ सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण आहे. नावात ‘ऊर्ध्व’ असले तरी ते मोवाडच्या खालच्या बाजूला आहे. धरण पुढच्या गावांचा पूर थोपवू शकते, मागच्या गावांचा नाही. त्यामुळे मोवाडच्या पट्ट्यात भरवसा दोनच गोष्टींवर : वेळेत मिळालेला इशारा आणि नदीपासून राखलेले अंतर.

पूररेषा म्हणजे काय आणि ती का पाळायची?

राज्यात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई असते. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंधांसह परवानगी मिळते.

इथे एक गैरसमज होतो. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे १९९१ ला आला, आता २०९१ पर्यंत चिंता नाही, असा अर्थ नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ. एखादे घर ३० वर्षे उभे राहणार असेल, तर त्या काळात लाल रेषेपर्यंतचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा सुमारे ७१ टक्क्यांवर जातो. घरासाठी ३० वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

मग लोकसंख्येच्या निकषाचा इथे काय संबंध?

२०११ च्या जनगणनेत मोवाडची लोकसंख्या १० हजारांच्या आत होती. आजच्या नियमानुसार सर्वसाधारण भागात नगरपरिषदेसाठी किमान २५ हजार आणि नगरपंचायतीसाठी १० ते २५ हजार लोकसंख्या लागते. म्हणजे मोवाडने आज नव्याने अर्ज केला, तर नगरपंचायतही मिळणे अवघड. दर्जा टिकून आहे तो १८६७ च्या वारशामुळे.

हा केवळ मानाचा प्रश्न नाही. विकास आराखडा, बांधकाम परवाने, नाल्यांची सफाई आणि पूररेषेच्या आत घर होऊ न देणे ही कामे नगरपरिषदेची. मात्र घरे कमी म्हणजे मालमत्ता कर कमी. जबाबदारी शहराची आणि उत्पन्न मोठ्या ग्रामपंचायतीएवढे, अशी ही ओढाताण आहे.

आज काय बदलले, काय बाकी आहे?

बदलले बरेच. नागपूरला हवामान विभागाचे डॉप्लर रडार आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ ॲपवर आपल्या ठिकाणानुसार इशारे मिळतात. नदीकाठी राहणाऱ्यांनी ते मोबाइलवर घ्यावे आणि पावसाळ्यात रात्री फोन पूर्ण बंद ठेवू नये.

बाकी आहे ते सीमेपलीकडचे. बैतूल आणि २०२३ मध्ये नव्याने झालेला पांढुर्णा हे जिल्हे मध्य प्रदेशात, मोवाड नागपूर जिल्ह्यात, वरूड अमरावतीत. पाऊस आधी तिकडे मोजला जातो, त्याची गरज इकडे असते. वरच्या पर्जन्यमापकाचा आकडा जिल्हा मुख्यालयांचा फेरा मारून येण्याऐवजी थेट काठावरच्या गावांच्या फोनवर आला, तर दोन तास वाचू शकतात. तीन-चार तासांच्या हिशेबात दोन तास म्हणजे अर्धा वेळ.

आणखी एक विरोधाभास याच पट्ट्याचा आहे. ज्या नदीने गाव बुडवले, तिच्या दोन्ही काठांवर उन्हाळ्यात संत्र्याच्या बागा जगवण्यासाठी विहिरी आणि बोअर खोल खोल जातात. पाऊस चार महिन्यांत येतो आणि निघून जातो. वरच्या भागात नाला खोलीकरण, बांध-बंधारे आणि झाडोरा वाढवून पाणी अडवले, तर बागांना ते उपयोगी पडेलच. महापूर त्याने थांबणार नाही, पण लहान-मध्यम पुरांचा जोर कमी होऊ शकतो.

थोडक्यात, मोवाड नव्या जागी गेले, पण वर्धेचा उतार, मुलताईचे पठार आणि ते ३२ किलोमीटर जागचे हललेले नाहीत. ३० जुलैला श्रद्धांजली वाहताना त्या दिवशी नदीची पातळी किती आणि वर पाऊस किती, हे दोन आकडेही गावाला माहीत असले पाहिजेत. २०४ जणांना १९९१ मध्ये तेच कळले नव्हते.