शिबिराची शिदोरी आणि अस्वल



यंदाचे निसर्ग शिबिर देडियापाड्याजवळ शूलपाणेश्वर अभयारण्यात घेण्याचा विचार आहे. त्याच्या परिपत्रकातील एका नियमावर काही पालकांनी नाराजी कळवली आहे. मुलांचा सर्व खाऊ पोहोचताच एका पेटीत जमा होईल व रात्री तंबूत बिस्किटाचा पुडाही राहणार नाही, असा तो नियम आहे. मूल उपाशी राहील ही आईची काळजी रास्तच आहे. तरीही हा नियम कायम राहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८२ साली हे जंगल संरक्षित झाले ते डुमखल अस्वल अभयारण्य या नावाने. पुढे क्षेत्र वाढून सुमारे ६०७ चौरस किलोमीटर झाले आणि नाव बदलले. अस्वल मात्र तेथेच आहे. वाळवी, मध, बोरे, जांभळे, मोहाची फुले हा त्याचा आहार. नाक अतिशय तीक्ष्ण. मग आपला बेसनाचा लाडू नि चिक्की त्याला कळणार नाही काय? "पिशवी झाडाला टांगू," असे एका विद्यार्थ्याने सुचवले. पण मधाच्या पोळ्यासाठी अस्वल झाडावर सहज चढते!

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रानात मुक्काम करणाऱ्यांना अन्न मान्यताप्राप्त मजबूत डब्यातच ठेवावे लागते. तेथील काळी अस्वले खाण्यासाठी मोटारींच्या काचाही फोडत. आपल्याकडे असे डबे सक्तीचे नाहीत. पण कायदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात कचरा टाकण्यास मनाई आहे. चिवड्याची रिकामी पिशवी हाही कचराच.

पत्र्याची पेटी अस्वलापुढे टिकेलच असे नाही. म्हणून ती कुलूप लावून, तंबूंपासून दूर, पक्क्या बंद खोलीत ठेवावी. टूथपेस्ट आणि खरकटेही तेथेच. रात्री भूक लागल्यास मुलांनी शिक्षकांना उठवावे. दोन शिक्षक खोलीतून खाऊ आणून देतील. एकट्याने जाऊ नये.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. आपण दोन रात्री राहून सुरतेला परत येऊ. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल मात्र तेथेच राहील. चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचायला निघणाऱ्या आदिवासी मायबहिणींची गाठ त्याच्याशी पडेल. आपल्या मुलाच्या एका लाडवाची किंमत दुसऱ्याच्या आईने का मोजावी?

विश्वस्त मंडळाने दोन लोखंडी पेट्यांच्या खरेदीस मंजुरी द्यावी व पालकांनी खाऊ मोजकाच द्यावा, ही नम्र विनंती.

— प्राचार्य