आधी तापमान, मग फॉरमॅट

मे महिना लागला की दुरुस्तीच्या टेबलावर एक तक्रार हमखास येते : 'सकाळी बरा चालतो, दुपारी रखडतो.' अशा वेळी आपल्यापैकी अनेकांचा हात आधी विंडोजच्या पेन ड्राइव्हकडे जातो. फॉरमॅट होतो, रॅम वाढते, एसएसडी बसते. गिऱ्हाईक पैसे मोजून जाते आणि काही दिवसांत तीच तक्रार घेऊन परत येते. बिघाड पंख्याखाली तसाच राहिलेला असतो.

पूर्वी हा बिघाड लपत नसे. 2001 साली टॉम्स हार्डवेअरने चालू मशीनवरचा हीटसिंक काढून चाचणी घेतली, तेव्हा एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळाला. पेंटियम 4 ने मात्र वेग उतरवून तग धरला. आज सगळेच प्रोसेसर असे वागतात. साधारण 95 ते 100 अंशांची मर्यादा गाठली की ते आपला वेग आपणच कमी करतात. चिप वाचते हे उत्तमच, पण कूलिंगचा दोष 'मशीन स्लो' या तक्रारीत दडून बसतो.

हिशोब करून पाहा. प्रोसेसर 65 वॉटचा आणि कूलर दर वॉटमागे अर्धा अंश चढू देणारा असेल, तर तापमान भोवतालच्या हवेपेक्षा साडेबत्तीस अंश वर राहते. कॅबिनेटमधली हवा 30 अंश असली तर 62 च्या आसपास. अकोला-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती 48 झाली तर 80. धुळीमुळे कूलरची ताकद निम्मी झाली, तर हाच आकडा 113 वर जाऊ पाहतो, आणि मशीन मंदावते.

म्हणून पंखा उतरवून बघाच. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कूलरच्या फिन्सवर अनेकदा धुळीचा घोंगडीसारखा थर सापडतो. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरा, नाहीतर बेअरिंग जाते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; नवी वाटाण्याएवढी पुरे. तिचे काम दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा घालवणे एवढेच. जाड थर उलट उष्णता अडवतो. इंटेलच्या पुश-पिन समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबा आणि चारही पूर्ण बसल्याची बोर्डामागून खात्री करा. एएम4 चा कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मशीन बंद करून, ते कोमट असतानाच कूलर हलकेच फिरवून सोडवा.

आमचा आग्रह एवढाच, की प्रत्येक जॉब कार्डावर दोन रकाने वाढवा : कामाआधीचे आणि कामानंतरचे तापमान, दोन्ही पूर्ण लोडवर दहा मिनिटांनी घेतलेले. सोबत खोलीचे तापमानही लिहा, नाहीतर सकाळचा आणि दुपारचा आकडा ताडून पाहता येणार नाही. आपण नेमके काय केले हे गिऱ्हाइकाला कागदावर दिसेल आणि शिकाऊ मुलांना निदानाची शिस्त लागेल. पहिलाच आकडा 70 च्या आत आला आणि वेगही पूर्ण मिळत असला, तर मग फॉरमॅटचा सल्ला खुशाल द्या.