चिडक्या मुलांच्या नोंदी पुरे, आता माणूस द्या

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय,

सुकदेब साहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल काय सांगितलं, ते आपल्याला माहीत आहे. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. पट त्याहून कमी असेल, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. आमच्या शाळेचा पट शंभराच्या वर आहे आणि समुपदेशक एकही नाही. शेजारच्या शाळांतही तीच गत आहे. निवेदन दिलं की पोच मिळते, शिक्का मिळतो. माणूस मिळत नाही.

नोंदी मात्र चोख होतात. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या. ‘लवकर चिडतो’, ‘वर्गात भांडतो’, पुढे ‘सुधारणा आवश्यक’. तिसरीत लिहिलेलं हे वाक्य सातवीपर्यंत तसंच उतरवलं जातं. ही सुधारणा करायची कोणी? एका वेळी दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींनी?

आमचा बीड जिल्हा ऊसतोडीला जातो. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. पोरं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं, आजीजवळ किंवा चुलत्याकडे राहतात. दहा वर्षांचा मुलगा बाकावरच्या सोबत्याला ढकलतो, पाटी फेकतो. त्याला आईची आठवण येते, रात्री झोप लागत नाही, कोणी ‘तुझी आई कधी येणार’ म्हणून चिडवलेलं असतं. त्या रागाखाली भीती आहे, लाज आहे, एकटेपण आहे. ते ओळखायला शिकलेला माणूस लागतो. नसला की पोराला वर्गाबाहेर उभं करतात, नाहीतर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात.

त्या फेऱ्यांनीही राग उतरत नाही. १५४ अभ्यास आणि १०,१८९ व्यक्तींची माहिती एकत्र करून २०२४ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. मनातली भडास काढून किंवा धावून राग कमी होत नाही, शरीराची खळबळ शांत केल्यानं होतो, असं त्यात दिसलं. लांब श्वास सोडणं, अंग सैल सोडणं, थोडा वेळ बाजूला बसणं हे मुलाला शिकवता येतं. छाती धडधडते, मुठी वळतात, कान तापतात, म्हणजे राग चढतोय, हे त्याला आधीच ओळखता येतं. ‘मला राग आलाय, कारण त्यानं माझी वही फाडली’ असं बोलता येतं. राग येणं चूक नाही, मारणं चूक आहे, हा फरक त्याला कळतो. शांत झाल्यावर ज्याला दुखावलं त्याच्याकडे परत जाऊन समेट करायलाही तो शिकतो. पण त्यासाठी समोरचा मोठा माणूस स्वतः ओरडणारा नसावा आणि तो रोज भेटणारा असावा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. योग्यच केलं. पण छडी खाली ठेवलेल्या शिक्षकानं पुढे काय करायचं, याचं पुरेसं शिक्षण त्याला कोणी दिलं? २०२४ मध्ये आपल्या खात्यानं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. त्यात श्वसन आहे, ध्यान आहे, त्याचं स्वागत. पण सोमवारी पेटलेलं पोर शनिवारपर्यंत थांबत नाही.

महाराष्ट्रात शाळा एक लाखाहून अधिक आणि विद्यार्थी दोन कोटींहून अधिक. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या १,७६४ आपल्या राज्यातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे आकडे सरकारी आहेत आणि निकालही सर्वोच्च न्यायालयाचा आहे. आता आणखी कोणता पुरावा आम्ही आणून द्यायचा?

आमच्या मागण्या तीन आहेत. शंभरावर पट असलेल्या प्रत्येक शाळेला समुपदेशक द्या; लहान शाळांसाठी केंद्रशाळेत एक नेमा आणि त्याचे भेटीचे वार ठरवा. वर्षातल्या दोन्ही प्रशिक्षणांच्या तारखा जूनमध्येच जाहीर करा. हंगामी वसतिगृहं चालतात तिथे हा माणूस सगळ्यांत आधी पाठवा.

पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी हे झालं पाहिजे. होणार नसेल, तर का होणार नाही ते लेखी कळवा. ते उत्तर आम्ही ग्रामसभेत मोठ्यानं वाचू आणि इतिवृत्तात नोंदवू.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक पालक सदस्य, बीड जिल्हा