विज्ञानाची वही

गेल्या रविवारी मिस्सेनंतर चौथीत शिकणारा एक मुलगा आपली विज्ञानाची वही घेऊन आम्हांकडे आला. वहीच्या पुढील बाजूने विज्ञान, मागील बाजूने गणित, आणि जेथे दोहोंची गाठ पडली तेथे घरच्या किराणा मालाची यादी! आम्हांस हसू आले; परंतु एका पानावर आम्ही थबकलो. "वालाचे बी चौथ्या दिवशी रुजले," असे तेथे सुरेख अक्षरांत लिहिले होते.

"तुझे बी कसे झाले रे?" असे विचारताच त्याने मान खाली घातली. "फादर, माझं कुजलं. बाईंनी फळ्यावर रुजलं असं लिहिलं होतं."

दोष मुलाचा नाही. वही म्हणजे तपासून घ्यावयाची वस्तू, असे आपणच त्यास शिकविले. वास्तविक ती डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष होय. बी कुजले तर "कुजले" असेच लिहावे, आणि वाटीत पाणी किती होते तेही लिहावे. पाण्यात बुडालेल्या बियास हवा मिळत नाही, हे मग त्याचे त्यासच उमगेल.

आईबापांस विज्ञान येत नसले तरी वही लावून देता येते. वही एकाच विषयाची असावी. पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडावी, सर्व पानांस अंक घालावे, प्रत्येक नोंदीस तारीख द्यावी. आकृती पेन्सिलीने, चांगली मोठी काढावी. चुकल्यास एक आडवी रेघ पुरे. पान फाडू नये. शिवलेल्या वहीचे एक पान फाडले की जोडीचे पानही सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे.

मायकेल फॅरडे हे लंडनमधील एका लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असता १८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, टिपणे आकृत्यांसह स्वच्छ उतरविली, स्वहस्ते बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. १८१३ च्या मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते डेव्हींचे साहाय्यक झाले. पुढे १८३२ पासून आपल्या प्रयोगवहीतील परिच्छेदांस ते ओळीने क्रमांक घालू लागले. ते क्रमांक सोळा हजारांपलीकडे गेले! जुनी नोंद हवी तेव्हा सापडावी, एवढाच हेतू. १८४९ मध्ये गुरुत्वाकर्षण व वीज यांचा संबंध शोधताना हाती काहीच लागले नाही, तेही त्यांनी लपविले नाही.

हे सारे आम्ही त्या मुलास सांगितले. त्यास फॅरडेंपेक्षा लोहाराचेच अधिक अप्रूप वाटले. असो. आमच्यासमोरच त्याने "रुजले" या शब्दावर रेघ मारून शेजारी "कुजले" असे लिहिले, आणि बाई रागावतील काय, असे विचारले. बाईंशी आम्ही बोलू, असे वचन आम्ही दिले आहे. दुसरे बी त्याने ओल्या फडक्यात ठेविले असून काल त्याचा तिसरा दिवस होता.