किल्ली कोणाच्या कमरेला?

जुलै २०२५ मध्ये एका मोठ्या भारतीय उद्योगाचे दप्तर अचानक कुलूपबंद झाले. गुजरातमधील वाडिनार येथे वर्षाला सुमारे दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आपलाच पत्रव्यवहार उघडता येईना. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची ४९ टक्क्यांहून अधिक भागीदारी आहे. त्या कारणास्तव युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध लादले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवा थांबवल्या. भारतीय कायद्याचा भंग झालेला नव्हता, आणि शुल्कही पूर्ण भरले असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. नायराला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि पत्रव्यवहारासाठी मुंबईच्या रेडिफचा आधार शोधावा लागला. महिनाअखेर सेवा पूर्ववत झाली, परंतु त्या काही दिवसांनी सर्वांना एक प्रश्न शिकवला. दप्तर आपले खरे, पण त्याची किल्ली कोणाच्या कमरेला?

केंद्र शासनाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आधीच आरंभ केला होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सुमारे बारा लाख शासकीय कर्मचाऱ्यांच्या ई-मेल पेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपले लेखन, तक्ते आणि सादरीकरणे झोहोवर हलवत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना त्याच कंपनीचे कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरण्याचा आदेश दिला आणि गृहमंत्री अमित शाह यांनीही आपला ई-मेल पत्ता बदलला. हा केवळ भारतीय भावनेचा उमाळा म्हणावा, तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रांतानेही त्याच ऑक्टोबरमध्ये आपल्या चाळीस हजारांहून अधिक टपालपेट्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेतून बाहेर काढल्या. जे बर्लिनच्या मित्रराष्ट्राच्या कंपनीविषयी जर्मन प्रशासनाला वाटते, ते भारतीय प्रशासनाला वाटले तर त्यात नवल कसले?

दिल्लीतील या निर्णयांचा बीड जिल्ह्यातील केज, धारूर वा पाटोद्याच्या एखाद्या शिक्षणसंस्थेशी, पतसंस्थेशी वा वसतिगृहाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. आज अशा अनेक संस्थांचे दप्तर तीन ठिकाणी विखुरलेले असते. काही लोखंडी कपाटातल्या फायलींत, काही कार्यालयातल्या एकमेव संगणकात आणि उरलेले कार्यवाहांच्या वा लिपिकाच्या भ्रमणध्वनीत. संस्थेचा ई-मेल म्हणून जो पत्ता छापलेला असतो, तो बहुधा कोणा उत्साही तरुणाने आपल्या नावावर उघडलेला असतो. तो तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला की संस्थेचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो. परक्या कंपनीने कुलूप लावण्याची वाट पाहण्याची गरजच उरत नाही. ते कुलूप घरच्याच हाताने लागलेले असते.

अशा संस्थेला क्लाउडवरील कार्यालयीन व्यवस्थेचा लाभ मोठा आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. या व्यवस्थेत पत्रे, हिशेबाचे तक्ते, सभेची इतिवृत्ते आणि दिनदर्शिका एका ठिकाणी राहतात. एकच तक्ता परळीचा शिक्षक आणि बीडचा कार्यवाह एकाच वेळी पाहू व दुरुस्त करू शकतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. संगणक बिघडला तरी दप्तर बुडत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहिलेल्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात कोणते मूल दाखल झाले, कोणते आईबापांबरोबर फडावर गेले, कोणाचे लसीकरण राहिले, ही माहिती जर शाळेला, वसतिगृहाला आणि कार्यकर्त्याला एकाच वेळी दिसली, तर एक मूल शाळेबाहेर पडण्यापासून वाचू शकते. तंत्रज्ञानाचे खरे मोल अशा ठिकाणी कळते.

परंतु जी माहिती मुलाला वाचवते, तीच निष्काळजी हातात पडली तर घर उघडे पाडते. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढल्याचे आढळले. या आकड्यांनी महाराष्ट्राची मान खाली गेली. पण आकडा वेगळा आणि नावांची यादी वेगळी. आकडा समाजाला जागे करतो. यादी मात्र एखाद्या मायमाउलीचे दुःख चव्हाट्यावर आणते. आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थांकडे अशा याद्या असतात. कागदी वही कपाटात बंद राहते, मात्र क्लाउडवरील तक्ता ‘ज्याच्याकडे दुवा त्याला प्रवेश’ या एका चुकीच्या निवडीने गावभर होऊ शकतो. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याचे बंधन येण्याआधीच सेवाव्रती संस्थेला विश्वासाचे बंधन असते, हे वेगळे सांगावयास नको.

‘क्लाउड’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. ढग म्हटले तरी ते दप्तर आकाशात नसते. ते कोणत्या तरी शहरात, कोणत्या तरी कंपनीच्या यंत्रांत असते आणि त्या कंपनीला कोणत्या तरी देशाचा कायदा लागू असतो. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार तेथील कंपनीला, तिची यंत्रे जगात कोठेही असली तरी, वैध आदेश आल्यास माहिती सुपूर्द करावी लागते. झोहोची भारतातील केंद्रे मुंबई आणि चेन्नई येथे आहेत. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात कार्यालय थाटले आणि खेड्यातील मुलांना शिकवून जागतिक दर्जाचे काम करून दाखवले. ज्या जिल्ह्याच्या तरुणाला कोयता नाही तर पुण्याची बस एवढेच दोन मार्ग दिसतात, त्या जिल्ह्याने हे उदाहरण आवर्जून अभ्यासावे.

तथापि, स्वदेशी ही परीक्षेतून सूट मिळण्याची सनद नव्हे. याच कंपनीच्या अरट्टै या संदेशसेवेचा सप्टेंबर २०२५ मध्ये मोठा बोलबाला झाला, तेव्हा तिच्या लिखित संदेशांना दोन टोकांमधील पूर्ण गुप्ततेचे कवच नव्हते. हा दोष दाखवणारे देशविरोधी ठरत नाहीत. ते स्वदेशीला अधिक सक्षम करतात. परदेशी कंपन्या धर्मादाय संस्थांना सवलतीत वा विनामूल्य सेवा देतात, म्हणून तिकडे धावणे जसे अदूरदर्शीपणाचे, तसेच केवळ भारतीय नाव पाहून डोळे मिटणेही. दोन्हींना एकच प्रश्न विचारावा: उद्या निघायचे ठरवले, तर आपले सारे दप्तर, सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात, परत मिळेल काय?

या प्रश्नाचे महत्त्व मराठवाड्याला सांगावे लागू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कार्यालयांतील जीर्ण गठ्ठे सोडले गेले. कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. जपलेले दप्तर आणि वाचता येणारे दप्तर यांत किती अंतर असते, हे तेव्हा दिसले. संगणकाच्या बाबतीत हे अंतर शंभर वर्षे थांबत नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेली वीस वर्षांपूर्वीची मराठी इतिवृत्ते आज अनेक संस्थांत निरर्थक चिन्हांच्या रांगा बनून पडली आहेत. अंबाजोगाईत संत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेला तो ग्रंथ चारशे वर्षांनंतरही वाचता येतो. त्याला कोणाचा परवाना लागत नाही.

स्थलांतर म्हणजे केवळ नवे सॉफ्टवेअर घेणे नव्हे. म्युनिक महापालिकेने अनेक वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक मुक्त प्रणालीवर नेले, आणि २०१७ मध्ये माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. नेतृत्व बदलले की संकल्प विरतो, आणि कर्मचाऱ्यांच्या रोजच्या अडचणींना उत्तर मिळाले नाही की चांगली योजनाही परकी वाटू लागते. बीडमधील संस्थेचा लिपिक वीस वर्षे ज्या पद्धतीने काम करीत आला, ती एका परिपत्रकाने बदलणार नाही. त्याच्या शेजारी बसून शिकवावे लागेल, काही महिने जुनी व नवी पद्धत बरोबरीने चालवावी लागेल.

यासाठी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. संस्थेचा डोमेन संस्थेच्याच नावावर नोंदवावा. व्यवस्थापकाचे अधिकार किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत आणि त्यांची नावे कार्यकारिणीच्या ठरावात नोंदलेली असावीत. पदाधिकारी बदलला की पदभारासोबत प्रवेशही हस्तांतरित व्हावा. परवलीच्या शब्दाला दुहेरी पडताळणीची जोड असावी. मुलांची आणि रुग्णांची माहिती ज्याला आवश्यक त्यालाच दिसावी. आणि दर महिन्याला संपूर्ण दप्तराची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या साठवणीत उतरवून ठेवावी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीड पेटले, संचारबंदी लागली, इंटरनेट सेवाही बंद झाली. अशा दिवशी ढगातले दप्तर कामास येत नाही. कपाटातली प्रतच मदतीला येते.

समाजाच्या पैशावर आणि समाजाच्या विश्वासावर चालणारी संस्था ही तिच्या दप्तराची मालक नसते, विश्वस्त असते. देणगीदाराचे नाव, विधवेची ठेव, फडावर गेलेल्या आईच्या लेकराचा दाखला, हे सारे तिच्याकडे ठेव म्हणून आलेले असते. ती ठेव कपाटात ठेवावी की क्लाउडवर, हा सोयीचा प्रश्न आहे. किल्ली मात्र विश्वस्ताच्याच कमरेला असली पाहिजे.