गद्दार नक्की कोण? पोरगा की आपण?

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. आमच्या मंडळातले निम्मे दोस्त नाराज होतील, दोन-चार जण अनफ्रेंडही करतील. चालेल. येत्या शनिवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये एका पोराला गावाच्या संघातून कायमचं काढून टाकायचा विषय आहे. त्याच्या आधी बोललो नाही तर नंतर बोलण्यात अर्थ नाही.

रविवारची फायनल बहुतेकांनी बघितली असेलच, मैदानात नाही तर यूट्यूबवर. चार ओव्हरची मॅच. आपला संघ हरला, आणि हरवलं कुणी? आपल्याच वाडीतल्या पोराने. १२ चेंडूंत ३४ धावा ठोकल्या आणि पहिलं बक्षीस खाडीपलीकडच्या गावात गेलं. तो बॅटिंगला उतरल्यापासून बाउंड्रीवरून एकच ओरडा चालू होता, ‘गद्दार, गद्दार’. लाइव्हच्या खालीही तेच. माइकवर बसलेल्या समालोचकाने दोनदा री ओढली. पोराची आई मैदानाच्या कडेला बसली होती, हे किती जणांनी बघितलं?

मी बघितलं आणि मान खाली घातली. कारण या ओरड्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती. डिसेंबरात तो दुसऱ्या संघात गेला तेव्हा इथेच मी लिहिलं होतं, ‘घरच्याच पोराने पाठ फिरवली’. लाइक धडाधड पडले. त्याला एक फोन करून ‘का रे बाबा गेलास?’ एवढं विचारायचं मला सुचलं नाही. दुसरी बाजू घ्या, हे पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवतात. वीस वर्षं या धंद्यात काढून मीच ते विसरलो.

सोमवारी सकाळी एसटी स्टँडवर चहा घेताना त्याचे वडील भेटले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘पत्रकार, तुम्ही डिसेंबरात लिहिलंत ते वाचलं. त्याचा गुडघा गेला तेव्हा काय लिहिलंत, तेही जरा आठवून बघा.’’

आठवून बघितलं. काहीच लिहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच संघाकडून खेळताना, कॅच धरायला धावताना त्याचा पाय मैदानाच्या कडेच्या चरीत गेला. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, पुढे पाच महिने गॅरेजचं काम बंद. आईच्या बांगड्या पतपेढीत गेल्या. मंडळाने काय दिलं? ग्रुपवर ‘लवकर बरा हो वाघा’, एक फुलांचा गुच्छ आणि गुच्छ देतानाचा फोटो. त्याच सीझनला आपण स्पर्धा भरवली होती. मंडप, डीजे, फटाके, पाहुण्यांचे फेटे, माणसाच्या उंचीचा चषक, सगळं झालं. हिशेबात खेळाडूच्या औषधपाण्याची एक ओळ नव्हती.

खाडीपलीकडच्या संघाने त्याला कोटी दिलेले नाहीत. बुडालेल्या हजेरीचे पैसे, येण्याजाण्याचा खर्च, चांगले बूट आणि दुखापत झाली तर डॉक्टरचं बिल आम्ही बघू, असा शब्द. एवढंच. पोरगा सीझन सुरू व्हायच्या आधी कॅप्टनला सांगून गेला. विसार घेऊन पळाला नाही की मॅचच्या दिवशी फोन बंद ठेवला नाही. याला गद्दारी म्हणायचं असेल, तर उद्या जास्त पगाराची नोकरी धरणारा प्रत्येक माणूस गद्दार ठरेल.

‘आमच्या वेळी असं नव्हतं. एका क्लबसाठी माणसं आयुष्य काढायची.’ हे वाक्य तीन दिवसांत मी दहा वेळा ऐकलंय, विशेषतः मुंबईहून आलेल्या आपल्या चाकरमानी काकांकडून. काका, तुमचं खरं आहे. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगमध्ये भर पावसात, चिखलात माणसं आपल्या क्लबसाठी उतरायची. गावसकर, वेंगसरकर यांच्यासारखे कसोटी खेळणारेसुद्धा दादर युनियनचे म्हणूनच ओळखले जायचे.

पण काका, अर्धीच गोष्ट सांगू नका. त्या काळातल्या मुंबईच्या चांगल्या क्रिकेटपटूला नोकरी असायची. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. कंपन्या आणि बँका खेळाडूंना कामावर घ्यायच्या, टाइम्स शील्डला आपापले संघ उतरवायच्या. घरी महिन्याचा पगार यायचा, म्हणून रविवारी क्लबसाठी फुकट घाम गाळता यायचा. निष्ठेला पोट असतं, काका. तेव्हा ते ऑफिस भरत होतं. आज आपल्या पोराचं कोण भरतंय? गॅरेजवाला रविवारची हजेरी कापतो आणि आपण त्याला म्हणतो, ‘गावासाठी खेळ’.

मोठ्यांचं बघा. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबई सोडून गोव्याला गेला आणि गोव्याकडून पहिल्याच रणजी सामन्यात शतक ठोकलं. आपण टाळ्या वाजवल्या. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबईतून महाराष्ट्राच्या संघात आला, आपण म्हटलं, नवी सुरुवात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याला जायला मुंबईकडे ना हरकत मागितली, मे महिन्यात मन बदललं आणि अर्ज मागे घेतला. विषय संपला. आयपीएलमध्ये तर २००८ पासून लिलावच आहे. २०२४ मध्ये टेनिस बॉलचीही आयएसपीएल आली, तिथेही लिलाव. आपल्या तालुक्यातली निम्मी पोरं तिकडे डोळे लावून बसलीत. मोठ्याने संघ बदलला की करिअर, आणि आपल्या गॅरेजवाल्याने बदलला की गद्दारी? हा कुठला न्याय?

फरक एकच आहे. तिथे कागद असतो. कोण कुठून कुठे गेला, कधी गेला, ना हरकत कुणी दिली, सगळं लिहिलेलं असतं. आपल्याकडे कागद नाही, म्हणून शिव्या आहेत.

आता आपल्या संघाचं बोलू. रविवारच्या फायनलमध्ये आपल्या अकरांत बाहेरचे किती होते? तीन. एक ठाण्याचा, दोन पलीकडच्या तालुक्यातले. स्पर्धा ओपन होती, त्यामुळे नियमात बसतं. पण त्या तिघांना आपण पाकीट दिलंच ना? ते त्यांच्या गावाचे कोण लागतात मग? वर्षभर संध्याकाळी मैदानात नेटाने येणारी आपली तीन पोरं त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या उचलत होती. त्यांच्याशी मंडळाने निष्ठा ठेवली का? बाहेरचा आणला की ‘तगडा संघ’ आणि आपला बाहेर गेला की ‘फितूर’. हे दुतोंडी वागणं पोरांना कळत नाही असं समजू नका.

आणि बक्षीस समारंभाचं काय सांगावं! माइकवरून ‘खेळाडूंनी निष्ठा शिकावी’ असं भाषण झालं. भाषण चालू असताना मी व्यासपीठावर नजर फिरवली. समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांपैकी गेल्या पाच वर्षांत एकाच पक्षात राहिलेला माणूस मला सापडेना. काही जणांचे तर दोनदा झेंडे बदलून झालेत. त्यांच्या गळ्यात आपण हार घातले, त्यांचे फोटो जर्सीच्या छातीवर छापले आणि ‘गद्दार’ मात्र पॅड बांधून उतरलेल्या पोराला म्हटलं. जरा लाज वाटू द्या. मलाही वाटली, म्हणून सांगतोय.

खेळाडू सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत, असं मी म्हणत नाही. सकाळी एका संघाकडून आणि दुपारी दुसऱ्या मैदानावर दुसऱ्याकडून खेळणारे आहेत. विसार घेऊन ऐनवेळी जास्त देणाऱ्याकडे जाणारे आहेत. गाव मर्यादित स्पर्धेसाठी आधार कार्डावरचा पत्ता बदलून आणणारेही मी बघितलेत. त्यांना बंदी घाला, नावानिशी घाला, मी बातमी करतो. पण संघ बदलणं वेगळं आणि शब्द मोडणं वेगळं. आपण दोन्हींची मोट एकत्र बांधली, म्हणून खरे चोर सुटतात आणि सरळ सांगून जाणारा पोरगा शिव्या खातो.

म्हणून शनिवारच्या मीटिंगसाठी माझं म्हणणं असं आहे.

पहिलं, या पोराला काढायचा विषय रद्द करा. तो गेला ओपन स्पर्धेसाठी. ‘एक गाव एक संघ’ स्पर्धेत तो आजही आपल्याकडूनच खेळायला तयार आहे, वडिलांनी स्वतः सांगितलं. त्याला आपण बाहेर ठेवलं, तर गाव त्याने सोडलं असं होणार नाही, गावाने त्याला सोडलं असं होईल.

दुसरं, एक वही घाला. ओपन स्पर्धांसाठी कोण कुठल्या संघाचा, ते सीझनच्या आधी लिहा आणि खेळाडूची सही घ्या. नोव्हेंबर संपेपर्यंत ज्याला जायचं त्याने जावं, नंतर मे महिन्यापर्यंत बदल नाही. तालुक्यातल्या सगळ्या मंडळांनी मिळून हे ठरवलं तर एका बैठकीचं काम आहे.

तिसरं, ओपनमध्ये बाहेरचे जास्तीत जास्त दोन. बाकी नऊ जण मैदानात रोज येणारे हवेत.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. बक्षिसाच्या रकमेतला आणि प्रायोजकाच्या पैशातला ठरावीक वाटा दुखापतीसाठी बाजूला ठेवा आणि हिशेब फळ्यावर लावा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. संघातल्या १८ वर्षांवरच्या १५ पोरांचे झाले ३०० रुपये. एका फटाक्याच्या माळेचा खर्च. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन बसत नाही, मला माहीत आहे. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच ते पैसे मिळतात. ऑपरेशनसाठी वेगळा निधी लागणारच. पण आपण हे ३०० रुपयेसुद्धा आजवर भरलेले नाहीत, आणि पोरांकडे मागतोय जन्मभराची निष्ठा.

कोणी म्हणेल, पैसा आला की खेळ संपला. अहो, पैसा कधीच आलाय. मंडपवाल्याला मिळतो, डीजेवाल्याला मिळतो, लाइव्ह करणाऱ्याला मिळतो, अंपायरला मानधन मिळतं, जाहिरात आली तर मलाही मिळतो. उन्हात पळणाऱ्यालाच तेवढं फुकट पळायला सांगायचं आणि तो बोलला की गावाचं नाव पुढे करायचं, हे मला पटत नाही.

डिसेंबरची माझी पोस्ट मी काढलेली नाही. राहू दे तिथेच, माझी चूक सगळ्यांना दिसू दे. तिच्याखाली आज माफी लिहिली आहे. त्याच्या घरी जाऊनही मागणार आहे. पोरगा बोलेल की नाही माहीत नाही, पण आईसमोर उभं राहावंच लागेल.

मंडळातल्या मित्रांनो, चिडला असाल तर चिडा. पण शनिवारी संध्याकाळी सात वाजता देवळाच्या सभागृहात या आणि तोंडावर बोला. आणि येताना गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च तेवढा घेऊन या.