रंगाखाली लपवलेला गुन्हा

1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंदीच्या या 61 दिवसांत कोकणातल्या बंदरांवर बोटींची डागडुजी होते, नवा रंग चढतो आणि जुन्या बोटींचे सौदेही होतात. घेणारा नाखवा इंजिन चालू करून आवाज ऐकतो, फळ्या ठोकून पाहतो, विंच फिरवतो, जाळ्यांचा भाव वेगळा ठरवतो. बाजारात बैलाचे दात तपासणाऱ्या शेतकऱ्याइतका तो सावध असतो. केबिनमधला स्विचबोर्ड उघडण्यासाठी मात्र एक स्क्रूही कोणी सैल करत नाही. विकणाऱ्याला आत काय आहे हे पक्कं ठाऊक असतं, आणि तो गप्प राहतो.

आत घरगुती वायर असते. दर मालकाने दर हंगामात त्यावर काहीतरी वाढवलेलं असतं: वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर, मोबाइलचे चार्जर, डेकवरचे दिवे. प्रत्येक वेळी जुन्या वायरीला नवी वायर पिळायची आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची. बंद पडलेलं यंत्र काढून टाकतात, त्याची वायर तशीच राहते, कधी थेट बॅटरीला जोडलेली. खारा दमटपणा उघड्या टोकातून आत शिरतो आणि तांबं आवरणाखाली हिरवं पडत दूरवर कुजत जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. कुजलेला सांधा तापतो, आणि त्याच्या आसपास डिझेल, स्वयंपाकाचा सिलिंडर, नायलॉनची जाळी, लाकूड किंवा फायबर.

‘बारा व्होल्टला काय होतंय, शॉकसुद्धा बसत नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी एक हिशोब करून पाहावा. 240 वॅटचा दिवा 240 व्होल्टवर 1 अँपिअर घेतो. तेवढाच दिवा 12 व्होल्टवर 20 अँपिअर ओढतो. वायर तापते ती अँपिअरमुळे. शॉर्टसर्किट झालं तर मोठी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. अशा वेळी जीव वाचवतो तो फ्यूज. पण तो वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणारे लोक आपल्यातच आहेत. फ्यूज उडतो तेव्हा तो धोका सांगत असतो. आपण सांगणाऱ्याचंच तोंड बंद करतो.

फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात एक मासेमारी बोट पहाटे पेटली. कारण शॉर्टसर्किट असावं, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. सगळे खलाशी वाचले. किनारा जवळ होता, मदत पोहोचली. भर समुद्रात, रात्री, सगळे झोपलेले असताना हीच आग लागली तर?

झोपलेले कोण असतात, हाही प्रश्न विचारला पाहिजे. नेपाळमधून, आंध्र-कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून आलेले खलाशी. सौद्याच्या दिवशी त्यांना कोणी बोलावत नाही, त्यांचं मत कोणी घेत नाही, आणि कुजक्या वायरींच्या वर पथारी त्यांचीच पडते. मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यूला 5 लाख रुपये आहेत. तो कागद म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असं मानणारा समाज माणसाचा जीव आधीच विकून मोकळा झालेला असतो.

एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. तरीही जे जनरेटर लावून रात्रभर पाण्यावर दिवे पेटवतात, ते माशांची पिल्लं संपवतात हे आपण बोलतो. ओल्या डेकवर, जुन्या वायरींवर हजारो वॅटचा भार टाकून ते खलाशांच्याही जिवाशी खेळतात, हे कोणी बोलत नाही.

गरिबीचं कारण मला मान्य नाही. पर्ससीनच्या एका जाळ्याच्या किमतीपुढे अख्ख्या बोटीची वायरिंग नव्याने करण्याचा खर्च किरकोळ आहे. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, नीट दाबून बसवलेली टोकं, बॅटरीपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज, एक मेन स्विच आणि मेलेल्या वायरी उपटून टाकणं, एवढंच ते काम. जे मासे पकडतं त्यावर आपण पैसे ओततो. जे माणूस वाचवतं त्यावर घासाघीस करतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून खलाशांच्या रक्षणाची प्रार्थना करायची आणि त्यांच्या उशाखालची आग झाकून ठेवायची, ही भक्ती नव्हे. ठाऊक असलेला धोका रंगाखाली लपवून दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा विक्रेता गुन्हेगार आहे, आणि कमिशनसाठी मुका झालेला दलाल त्याचा साथीदार.

नाखव्यांनो, यंदाच्या बंदीत बोट घ्याल तेव्हा तांडेलाला आणि एका जाणत्या वायरमनला सोबत न्या, स्विचबोर्ड उघडायला लावा, सगळे दिवे-पंप चालू करून सांधे तापतात का ते पाहा. मच्छीमार सोसायट्यांनी वायरिंगची लेखी तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही जुन्या बोटीच्या व्यवहाराला साक्षीदार राहू नये. असा ठराव करायला कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही.